तंबोऱ्याची निवड आणि निगा

मैफल संपली म्हणजे श्रोते गवयाची वाहवा करतात, तबलजीच्या हाताची तारीफ करतात, पेटीवाल्यालाही दोन चांगले शब्द मिळून जातात. गवयाच्या पाठीशीं बसून तीन तास चार तारा छेडीत राहिलेल्या शिष्यांकडे मात्र कोणी पाहत नाहीं. ते आपले तंबोरे गवसणींत घालतात आणि चपला शोधावयास लागतात. तंबोऱ्याचें कामच असें आहे कीं, तें उत्तम झालें तर कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, आणि बिघडलें तर आज गवयाचा गळा लागला नाहीं असें लोकांस वाटतें.

पाश्चात्य वाद्यवृंदांतही थोड्या फरकानें हाच न्याय आढळतो. तेथें पुरुषभर उंचीचें डबल बास नांवाचें वाद्य सर्वांच्या मागें उभें असतें. त्याची सर्वांत खालची तार सेकंदास अवघीं ४१ आंदोलनें करते. १९५१ सालीं अमेरिकेंत लिओ फेंडर यानें हेंच काम विजेच्या साहाय्यानें करणारी बास गिटार बाजारांत आणली, आणि तें अवजड ओझें गळ्यांत अडकवून फिरतां येण्याजोगें झालें. चित्रपटाचें गाणें ऐकतांना हा खालचा स्वर कोणी वेगळा काढून ऐकत नाहीं. पण तो काढून घेतला तर वरची सारी इमारत अधांतरीं लोंबकळूं लागेल. हिंदुस्थानी गाण्यांत हा पाया तंबोऱ्याच्या चौथ्या तारेवर, म्हणजे खर्जावर, उभा आहे. पुरुषाची पट्टी काळी एक धरली तर मधल्या जोडीच्या तारा सेकंदास सुमारें १३९ आणि खर्जाची तार सुमारें ६९ आंदोलनें करते. डबल बास वाजविणारा निदान स्वर बदलीत असतो. एखादा स्वर उणा पडला तर पुढच्यांत तो झांकतां येतो. खर्जाला ती सोय नाहीं. सबंध रात्र तोच एक स्वर द्यावयाचा, आणि तो खोटा असला तर सबंध रात्र खोटी.

साताऱ्यांतल्या एका घरांत मध्यंतरीं या खर्जावरून बराच वाद झाला. घरांत आजीचा तंबोरा होता. आजी गेल्यावर तो माजघरांतल्या खुंटीवर गवसणीसकट टांगला गेला, तो अठरा वर्षें तसाच राहिला. मग नात गाणें शिकूं लागली आणि घरांत तंबोरा हवा असा तिच्या गुरुजींचा निरोप आला. गवसणी सोडून पाहतात तों दोन तारा तुटलेल्या, पितळेची तार काळीठिक्कर पडलेली, आणि ती छेडली तर रिकाम्या खोक्यावर टिचकी मारावी तसा आवाज. मुलीच्या वडिलांनीं दुकानांत चौकशी केली. विजेवर चालणारा तंबोरा, जेवणाच्या डब्याएवढा. बटन दाबलें कीं सुरू. तारा तुटावयास नकोत, पावसाळ्याची धास्ती नको, सूर लावण्याची कटकट नको. जुन्याच्या दुरुस्तीला काय पडेल तें कोणास ठाऊक नव्हतें. नव्याची किंमत मात्र पाटीवर लिहिलेली होती. आजोबांचें म्हणणें एवढेंच होतें कीं, टाकून देण्यापूर्वीं एकदां मिरजेस दाखवून आणावा.

असा मुका तंबोरा सुशिक्षितांच्या कितीएक घरांत आहे. तो टाकवत नाहीं आणि वाजवितांही येत नाहीं.

मिरजेसच कां, याला कारण आहे. सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले तरी संस्थानें विलीन झाल्यावर १९४९ सालीं जो दक्षिण सातारा म्हणून वेगळा निघाला, त्यालाच १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. मिरज हें त्यांतलें पटवर्धनांच्या संस्थानाचें गांव. तेथल्या सतारमेकर मंडळींचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार आणि पाणी देणारे कारागीर होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तलवारीचें काम उतरलें. संस्थानिकांच्या पदरीं गवई होते, पण त्यांचीं वाद्यें दुरुस्त करणारा जवळपास कोणी नव्हता. फरीदसाहेब आणि त्यांचे बंधु मोइनुद्दीन यांनीं तें काम हातीं घेतलें, दुरुस्ती करतां करतां वाद्य उकलून समजावून घेतलें आणि मग नवीं वाद्यें घडविलीं, असें तेथें परंपरेनें सांगतात. पोलादावर कानस चालविणारा हात घोडीवर चालूं लागला, एवढाच काय तो फरक.

कारागिराला गिऱ्हाईक लागतें आणि तेंही जाणतें लागतें. मिरजेला तें मिळालें. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेस राहून शिकवीत असत. कुरुंदवाडास १८७२ सालीं जन्मलेले विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्यापाशीं तेथेंच तयार झाले. पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, आणि जें वाद्य दरबारांत किंवा देवळांत दिसावयाचें तें पुढें वर्गांत आणि मध्यमवर्गीयांच्या घरांत दिसूं लागलें. किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ मिरजेचेच होऊन राहिले. १९३७ सालीं मद्रासकडे प्रवासांत असतांना त्यांचें देहावसान झालें. देह मिरजेस आणून दर्ग्याच्या आवारांत दफन करण्यांत आला. दरवर्षीं त्यांच्या स्मरणार्थ तेथें गवई हजेरी लावतात. खाँसाहेब स्वतः वाद्यें दुरुस्त करणारे होते. सूर लावण्याच्या बाबतींत त्यांचें समाधान करणें ही सोपी गोष्ट नव्हती, आणि असें गिऱ्हाईक गल्लींत असलें म्हणजे कारागिराला आळस करतां येत नाहीं.

याच मुलखांत या सुराचें गणितही मांडलें गेलें. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर इंग्रजींत पुस्तक प्रसिद्ध केलें. साताऱ्यास न्यायाधीश असलेले क्लेमंट्स यांनीं त्यांच्या विचाराला जोड देऊन १९१३ सालीं स्वतःचें पुस्तक काढलें. प्रयोगासाठीं गळा होता अब्दुल करीमखाँचा. त्यांच्या निष्कर्षांवर पुढें पुष्कळ वाद झाले, आणि ते सर्वच टिकले असें नाहीं. पण पेटीचा गांधार आणि गळ्याचा गांधार एक नव्हे, ही गोष्ट त्यांनीं ठासून मांडली, आणि तिची साक्ष देण्यास तंबोऱ्याहून चांगला साक्षीदार नाहीं. खर्जाची तार छेडली कीं तिच्या पोटांतून दुप्पट, तिप्पट, चौपट आंदोलनांचे बारीक स्वर उठतात. ६९ ची पांचपट ३४५. हा पांचवा स्वर म्हणजे शुद्ध गांधार. तंबोऱ्यावर गांधाराची तार नाहीं, तरी तो ऐकूं येतो. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तंबोरा घेतांना परीक्षा करावयाची ती मुख्यतः याची.

परंतु घेणारा गृहस्थ दुकानांत शिरला कीं प्रथम पाहतो ती नक्षी. दांडीवरचीं पानें, भोपळ्यावरची वेलबुट्टी, पांढऱ्या पट्ट्यांची किनार, हें सारें डोळ्यांस गोड लागतें आणि किंमत वाढवितें. आवाजांत त्यानें काडीचाही फरक पडत नाहीं. साधा तंबोरा घ्यावा आणि उरलेले पैसे दर वर्षीं जवारीसाठीं राखून ठेवावे, हें शहाणपण फार थोडे दाखवितात.

पहिला प्रश्न गळ्याचा. तंबोरा कोणासाठीं? पुरुषी पट्टीच्या तंबोऱ्यांत घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत तारेची लांबी एक मीटरच्या आसपास असते; बायकी तंबोऱ्यांत ती दहा-पंधरा सेंटिमीटरांनीं कमी. काळी चार-पांचमध्यें गाणाऱ्या मुलीला वडिलांच्या हौसेखातर थोरला तंबोरा घेऊन दिला तर एक तर तारा ताणून तुटतात, नाहीं तर तिला खालच्या पट्टींत ओढून गळा बिघडवावा लागतो. तारेचे नंबरही पट्टीवरून ठरतात. नंबर जसजसा वाढतो तसतशी तार बारीक होते, हें दुकानदाराशीं बोलण्यापूर्वीं लक्षांत ठेवावें. पुष्कळांचा येथें उलटा समज असतो. जोड पोलादी तारांची, खर्ज पितळेचा किंवा काशाचा. पंचम पट्टीप्रमाणें यांतला कोणताही.

मग भोपळा. मिरजेला तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या कांठच्या शेतांतून. ही खावयाच्या भोपळ्याची जात नव्हे. कडू असतो म्हणूनच त्याला किडा लवकर लागत नाहीं. वेलावर जून होऊं देऊन तो महिनेच्या महिने वाळवितात. पंढरपूरच्या वारकऱ्याची वीणा आणि गवयाचा तंबोरा या दोहोंचें पोट त्याच वेलावर पिकतें. भोपळा बोटाच्या पेरानें ठोकून पाहावा. आवाज सगळीकडे सारखा, मोकळा यावा. एखाद्या जागीं बद्द वाजला तर आंत तडा आहे किंवा तो सरसानें भरून वरून रंग दिलेला आहे. गळा, म्हणजे भोपळा आणि दांडी यांचा सांधा, नख फिरवून तपासावा. तारांचा सारा ताण तेथें येतो.

भोपळ्याच्या तोंडावर बसविलेली तबली तुणाच्या लांकडाची असते. ती मध्यें किंचित् उचललेली असावी. घोडीच्या बाजूस फूटपट्टी आडवी धरली कीं खरेंखोटें कळतें; घोडीखालीं तबली बसलेली असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी तो तंबोरा घेऊं नये. सुतार फळीची धार पाहतो तसा एक डोळा मिटून दांडीचा सरळपणा पाहावा. दांडी पुढें वांकली कीं तारा घोडीवर नीट टेकत नाहींत, आणि मग जवारी कितीही काढली तरी महिनाभरांत जाते. खुंट्या फिरवून पाहाव्या. ज्या रागांत पंचम नाहीं त्यांत पहिली तार मध्यमावर किंवा निषादावर आणावी लागते, तेव्हां खुंटी अडली किंवा घसरली तर गाणें खोळंबतें. पूर्वीं घोडीला सांबरशिंग आणि हस्तिदंत वापरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून ही वाट अरुंद होत होत बंद झाली. आतां उंटाचें हाड, शिसवीसारखें काळें लांकूड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. जुन्या लोकांची शिंगावरची भक्ति समजण्यासारखी आहे, पण चांगल्या हातानें काढलेली हाडाची जवारी वाईट हातानें काढलेल्या शिंगाच्या जवारीपेक्षां केव्हांही श्रेष्ठ.

एवढें झाल्यावर डोळे मिटून कान उघडावा. चारही तारा एकदम ऐकूं नयेत. जोडीच्या तारा लवकर बोलतात, त्या झंकारानें गिऱ्हाईक भुलतें आणि मुका खर्ज त्याखालीं खपून जातो. खर्जाची तार एकटी, बोटाच्या मांसल भागानें, ओढून न धरतां सोडावी. ओढली तर ती आरंभीं चढी बोलते आणि परीक्षा फुकट जाते. चांगला खर्ज प्रथम भरीव उठतो, मग उमलतो, आणि शेवटीं विझतां विझतां गांधार दाखवून जातो. वाईट खर्ज एकतर थप्प करून थांबतो, नाहीं तर सुटलेल्या पत्र्यासारखा खरखरतो. खर्ज बरोबर असेल तर बाकीच्या तीन तारांचें काम कारागीर अर्ध्या तासांत करील.

हा उमलणारा झंकार म्हणजेच जवारी. व्हायोलिनची किंवा डबल बासची घोडी धारेसारखी अरुंद असते. तार तिच्यावरून एका बिंदूंत सुटते. तंबोऱ्याची घोडी रुंद, आणि तिच्या पाठीला डोळ्यांस दिसणार नाहीं इतका उतार. तार हलतांना या उतारावर टेकते, सुटते, पुन्हां टेकते, आणि प्रत्येक वेळीं बारीक स्वरांना नवा जीव देते. चंद्रशेखर वेंकट रामन यांना १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें प्रकाशाच्या संशोधनाबद्दल. पण १९२१ सालीं कलकत्त्यास असतांना त्यांनीं तंबोरा आणि वीणा यांवर लिहिलें आहे. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर स्थिर राहणारे उपस्वर तिच्यांतून उठूं नयेत असा एक जुना नियम आहे. तंबोऱ्यावर ते उठतात, असें रामन यांना आढळलें. आणि त्याचें कारण त्यांनीं या रुंद घोडींत दाखविलें. घोडी आणि तार यांमध्यें सरकविलेला सुताचा धागा तार नेमकी कोठें टेकावी तें ठरवितो. शेवया वळणाऱ्या बाईच्या बोटांत जो अंदाज असतो तोच येथें लागतो. धागा केसभर पुढें गेला तर आवाज कर्कश, केसभर मागें आला तर मुका.

गंमत अशी कीं, बास गिटार वाजविणारा याच आवाजाला दोष समजतो. तार पडद्याला घासून झणझणली कीं तो दांडींतला पेंच फिरवितो, घोडी उचलतो आणि ती झणझण घालवितो. मिरजेचा कारागीर तीच झणझण आणण्यासाठीं सबंध सकाळ खर्ची घालतो. बारीक कानस दोन वेळां फिरवावयाची, तार चढवावयाची, ऐकावयाचें, उतरवावयाची, पुन्हां कानस. खर्जाची तार जाड, तिचा झोका मोठा. म्हणून तिच्या खालचा उतार जोडीच्या उतारापेक्षां निराळा ठेवावा लागतो. हें मोजमाप कोठें लिहिलेलें नाहीं. घरच्या घरीं पॉलिश-कागद घेऊन जवारी काढण्याचा मोह कोणीही धरूं नये. गेलेलें हाड परत येत नाहीं.

निगेच्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण बहुतेकांचें मूळ दोन शत्रूंत आहे: दमटपणा आणि आळस. साताऱ्याचा पावसाळा तंबोऱ्याच्या मुळावर येणारा. लांकूड फुगतें, खुंट्या आवळतात, सांधे ओल धरतात; आणि दिवाळीनंतर कोरडी हवा सुटली कीं तेंच लांकूड आकसून तबलीच्या कडेला फट पडते. म्हणून तंबोरा ओल्या भिंतीला टेकवून ठेवूं नये, चुलीच्या धगीजवळ ठेवूं नये, उन्हाच्या कवडशांत तर मुळींच नाहीं. जाड सुती गवसणी उत्तम. प्लास्टिकच्या पिशवींत ओल कोंडते. आडवा ठेवावयाचा तर भोपळ्याखालीं चुंबळ द्यावी, म्हणजे तो लोळत नाहीं. अंधाऱ्या माजघरांत उंदीर गवसणी कुरतडतात हें विसरूं नये. पण सर्वांत मोठी निगा म्हणजे तो रोज वाजविणें. रोज हातांत येणाऱ्या तंबोऱ्याचा बिघाड आठ दिवसांत कळतो, टांगलेल्याचा अठरा वर्षांनीं.

वाजवून झालें कीं तारा कोरड्या फडक्यानें पुसाव्या. घामानें पितळ काळें पडतें आणि पोलाद गंजतें. एका घरांत तांब्या-पितळेचीं भांडीं लखलखीत ठेवणाऱ्या गृहिणीनें खर्जाची तार चिंचेनें घांसली. तार सोन्यासारखी झाली, पण चिंचेचें पाणी घोडीवर आणि धाग्यांत उतरलें, आणि तंबोरा आठ दिवस बोलेना. काळ्या पडलेल्या तारेवर उपाय नवी तार, दुसरा नाहीं. तारा बदलतांना एक उतरवून तिच्या जागीं दुसरी चढवावी आणि मग पुढचीला हात लावावा. चारही एकदम सोडल्या तर घोडी जागची हलते आणि दांडीवरचा ताण एकाएकीं जातो. डबल बासवाल्यांतही हाच दंडक आहे. त्या वाद्याच्या पोटांत एक लांकडी खांब नुसत्या दाबानें उभा असतो, तो सर्व तारा सोडल्याबरोबर आडवा होतो. खुंटी घसरत असेल तर तिला खडू चोळावा. धागा चेपला कीं बदलावा. शिवणाचें साधें सूत चालतें. प्रवासांत तारा एक-दोन सुरांनीं उतरवाव्या, सैल सोडूं नयेत. रियाज करणाऱ्याच्या तंबोऱ्याला वर्षांतून एकदां, गवयाच्या तंबोऱ्याला त्याहून अधिक वेळां जवारी लागते.

विजेच्या तंबोऱ्याची निंदा करण्याची एक पद्धति पडून गेली आहे, ती न्यायाची नव्हे. प्रवासांत, वसतिगृहांत, एकट्यानें रियाज करणाऱ्याला त्याची मोठी सोय आहे. पट्टी ढळत नाहीं आणि पावसाळ्यांत तो रुसत नाहीं. परंतु त्याच्या लहानशा कर्ण्यांतून ६९ आंदोलनांचा स्वर जवळजवळ बाहेर पडत नाहीं. वरच्या उपस्वरांवरून कान खालचा स्वर ताडतो. आणि दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तो लावावा लागत नाहीं. चार तारा लावतांना विद्यार्थ्याचा कान जो तयार होतो, तो बटन दाबून होत नाहीं. इकडे मिरजेच्या गल्लींत याची झळ निराळ्या रीतीनें लागते. नवीं वाद्यें अजूनही परदेशीं जातात. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालें, त्यामुळें दुसरीकडचा माल मिरजेचा म्हणून खपविणें अवघड व्हावें. पण मानांकनानें जवारीचा हात तयार होत नाहीं. तो तयार होतो दुरुस्तीला आलेल्या जुन्या तंबोऱ्यांवर, आणि तेच घरोघर खुंटीला टांगलेले आहेत. मुलगा बापाशेजारीं बसला तरी समोर काम नसेल तर तो शिकणार कशावर?

साताऱ्याचा तो तंबोरा शेवटीं आजोबांनीं आणि नातीनें आगगाडीनें मिरजेस नेला. कारागिरानें गवसणी काढून आधीं भोपळा ठोकला, मग दांडीवरून नजर फिरविली आणि घोडी उजेडाकडे तिरपी धरली.

"घरांत कोण गात होतं, आजोबा?"

"हिची आजी."

"रोज बसत असणार. ह्या खांचा बघा. टांगून ठेवलेल्या वाद्याला अशा पडत नाहींत."

जोडीच्या पोलादी तारांखालीं घोडी केसाएवढी कोरली गेली होती. बाकी भोपळा शाबूत, दांडी सरळ, तबली जागेवर. खर्च यंत्राच्या किंमतीच्या निम्म्याहून कमी निघाला. एक अडचण मात्र होती. आजीची पट्टी खालची, नातीची अजून कोंवळी आणि चढी. त्याच लांबीवर त्याच नंबरच्या तारा तिला झेपल्या नसत्या. कारागिरानें बारीक नंबर चढविले, त्या मानानें जवारी काढली, आणि मुलीचा गळा ठरला म्हणजे चार-पांच वर्षांनीं पुन्हां आणा, तेव्हां खर्ज जाड घालूं, म्हणून बजावलें. तोंवर याचा खर्ज थोडा हलका वाटेल, हेंही त्यानें लपविलें नाहीं. मुलीला जवळ बसवून धागा कसा सरकवावयाचा तें दोनदां दाखविलें. तिसऱ्यांदां तिनें सरकविला तेव्हां तार एकदम बोलली आणि ती दचकली.

वडिलांनीं यंत्रही घेतलेंच. आजोळीं जातांना तें तिच्या पिशवींत असतें. घरीं मात्र शिकवणीला तंबोरा असतो. पहिल्या दिवशीं चार तारा लावावयास तिला पाऊण तास लागला. गुरुजी समोर बसून ऐकत होते. तारा लागल्यावर त्यांनीं तिच्याकडून एक षड्ज लावून घेतला, आणि त्या दिवशीं दुसरें कांहीं शिकविलें नाहीं.